पोटात साखर होती, पंखात बळ नव्हतं

(सोलापुरात डाळिंब बागायतदारांसमोर दिलेल्या व्याख्यानातला संपादित भाग)

मंडळी, गेल्या हस्त बहारात, म्हणजे पावसाळा संपतानाच्या फुलोऱ्यात, सांगोल्याकडच्या एका बागेत गेलो होतो. आदल्या दिवशी फवारणी झालेली. ठिबकच्या नळीशेजारी एक मधमाशी बसली होती. पंख थरथरत होते, पण उठता येत नव्हतं. बाटलीच्या झाकणात साखरपाणी करून पुढे ठेवलं. सोंड बुडवून ती पोटभर प्यायली, चार बोटं पुढे सरकली आणि परत बसली. बागायतदार म्हणाले, "सर, उपाशी असंल." उपाशी नव्हती. सरपण होतं, चूल पेटत नव्हती.

उडताना मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. त्यासाठी तिच्या छातीतले स्नायू तंतुकणिकांनी, म्हणजे मायटोकॉन्ड्रियांनी, खच्चून भरलेले असतात. उजनी धरण डोळ्यांपुढे आणा. साखरेतून मिळालेल्या ऊर्जेवर तंतुकणिका आतल्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवते, भिंतीमागे पाणी अडवावं तसे. ते एका फिरत्या प्रथिनातून परत येतात आणि त्या फिरण्यावर एटीपी तयार होतं. पंखांना लागणारी वीज ती हीच.

आता आपण काय फवारतो ते बघा. कोळीनाशक फेनपायरॉक्झिमेट धरण भरणारा पहिला पंपच बंद पाडतं. क्लोरफेनॅपायर कीटकाच्या शरीरात गेल्यावर भिंतीला भगदाड पाडतं. पाणी वाहून जातं, वीज होत नाही. डायफेन्थ्यूरॉन थेट टर्बाइन, म्हणजे ते फिरतं प्रथिनच, अडवतं. आणि 'ते तर बुरशीनाशक आहे' म्हणून भर फुलोऱ्यात मारलं जाणारं ॲझॉक्सिस्ट्रोबिन? तेही धरण भरणाऱ्या पंपांच्या साखळीत तिसऱ्या टप्प्यावर बसतं. ते बुरशीसाठी बनवलंय आणि मात्रेने फरक पडतो, हे मला मान्य आहे. पण ही यंत्रणा बुरशीत आणि माशीत जवळपास एकच आहे, हे विसरून कसं चालेल?

इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मज्जातंतूंवर घाव घालतं, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. २०१४ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी दाखवलं की ते आणि फिप्रोनिल हे दुसरं कीटकनाशक, दोन्ही मधमाशीच्या तंतुकणिकांचं काम मंदावतात. त्याआधी २०१२ मध्ये फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर बारीक चिप चिकटवून, जीव जाणार नाही इतकंच थायामेथोक्झाम हे कीटकनाशक पाजून सोडलं होतं. त्यातल्या बऱ्याच माश्या पेटीत परतल्याच नाहीत.

म्हणूनच तुम्हाला झाडाखाली मेलेल्या माश्यांचा सडा दिसत नाही. माशी बांधावर, कॅनॉलच्या कडेला कुठेतरी बसते आणि तिथेच संपते. पेटीत उरलेल्यांचंही तेच. छातीचे स्नायू थरथरवून त्या पिल्लांना ३४-३५ अंशांची ऊब देतात. डिसेंबरच्या पहाटे ती ऊब कुठून आणायची? परागीभवन करणाऱ्या माश्याच अशा कमी होतात, आणि इकडे आपण मात्र 'सेटिंग होईना', फळ धरेना, म्हणून टॉनिकच्या बाटल्या आणतो.

बाटलीवरच्या हिरव्या त्रिकोणावर विसंबू नका. तो रंग माणसाला होणाऱ्या विषबाधेचा आहे, माशीच्या नव्हे. कळी उमलली की शक्यतो फवारणी टाळा. टळतच नसेल तर दिवस मावळल्यावर करा, आणि बाटल्या टाकीत एकत्र ओतू नका. शेजारी कुणी पेट्या ठेवल्या असतील तर त्याला आदल्या दिवशीच फोन करा. पेट्या रात्रीच हलवता येतात. दिवसा बऱ्याच माश्या तुमच्याच फुलांवर असतात.