सतराव्या पानावरची खूण

(नौपाड्यातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, विषय दिलाय 'वाचकांचे आवडते कथाप्रकार'. मी काही समीक्षक नाही. इथून चार गल्ल्या सोडून एका छोट्या वाचनालयाच्या काउंटरवर २२ वर्षं बसले, एवढंच माझं भांडवल. तिथून माणूस 'आवडतं' म्हणून काय सांगतो आणि पिशवीत काय घालून नेतो, हे दोन्ही दिसतं.

नव्या सभासदाच्या फॉर्मवर 'आवडता साहित्यप्रकार' असा रकाना होता. बहुतेक जण बिनदिक्कत 'ऐतिहासिक' लिहायचे. कुठलं, असं विचारलं की पहिलं नाव 'स्वामी', दुसरं 'मृत्युंजय'. आता कर्णाचा इतिहास कुठून आणायचा? पण आमच्या फॉर्मवर तोही ऐतिहासिकच! त्यात खोटेपणा नव्हता. ही पुस्तकं बक्षीस म्हणून मिळतात, मुंजीत आहेर म्हणून येतात, शोकेसमध्ये उभी राहतात. घरीच असल्यावर आमच्याकडून कोण नेणार?

नेल्या जायच्या रहस्यकथा. पातळ, हातात मावणाऱ्या. ठाण्याहून व्हीटीला स्लो लोकलने तासभर लागतो. खिडकी मिळाली तर जाता-येता एक पुस्तक संपतं. संध्याकाळी स्टेशनवरून माणूस तडक आमच्याकडे. पुस्तक टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, ''असंच दुसरं द्या.''

मला वाटतं, कथाप्रकार म्हणजे हेच वाक्य. बाकीची नावं आपण मागाहून चिकटवली. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. एका माणसाकडून एवढं लिहून कोण घेतं? हे 'असंच दुसरं' म्हणणारेच. वाचकाला त्यांचा नायक झुंजार तोच हवा, काळापहाड तोच हवा, भानगड मात्र नवी हवी.

ही भूक जुनी आहे. बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली १८५३ साली. त्यानंतर ४ वर्षांनी, १८५७ मध्ये, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली, विधवांच्या हालांबद्दल. १८६१ मध्ये हळब्यांची 'मुक्तामाला', सगळी अद्भुतरम्य. १८७१ मध्ये गुंजीकरांचा 'मोचनगड', शिवकाळातला. म्हणजे १४ वर्षांत सामाजिक, अद्भुत आणि ऐतिहासिक अशी तिन्ही दुकानं मांडून झाली होती. आपण अजून त्याच बाजारात फिरतोय.

वाचक चोखंदळ किती, तर दुपारी येणाऱ्या बायका बजावून सांगायच्या, ''गूढ द्या हं, भुताचं नको.'' मतकरींचं चालायचं, धारपांचं नाव काढलं की मान हलायची. त्यांचीच मुलं मग बापाच्या कार्डावर धारप न्यायची. विज्ञानकथेचं निराळंच. ती त्या नावानं फारशी कुणी मागितलीच नाही, 'नारळीकरांचं' म्हणून मागितली. गंमत अशी, की १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारळीकरांनी स्वतःचं नाव लपवलं होतं. जयंत विष्णू नारळीकर, ही आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप. बक्षीस त्या जगतापांच्या कथेला मिळालं.

तर, रहस्यकथा. एका मे महिन्यात खिळखिळी झालेली पुस्तकं बाइंडिंगला काढली होती. पानं मोजताना माझ्या लक्षात आलं, की १७ नंबरच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. कुठे टिंब, कुठे फुली, कुठे त्रिशूळ, एका ठिकाणी चक्क 'श्री'. दुसरं पुस्तक उघडलं, तिथेही १७ वरच. एका आजोबांना विचारलं, तर म्हणाले, ''बाई, नावं सगळी एकसारखी. घरी नेल्यावर निम्म्यात कळतं की वाचलंय. म्हणून खूण. १७ हे पान कुणी ठरवलं, देव जाणे. मी आलो तेव्हा आधीच्या खुणा तिथेच होत्या.''

पुस्तकांवर लिहू नये, अशी पाटी माझ्याच डोक्यावर टांगलेली होती. मी खोडरबर घेतला आणि परत ठेवला.

मग मला खुणांचाच नाद लागला. कोणाची कुठली, हे ओळखू यायला लागलं. अर्धचंद्र काढणारे एक गृहस्थ होते, निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, फॉर्मवर आवडता प्रकार 'वैचारिक'. वैचारिकच्या कपाटाशी उभं राहून ते एक जाडजूड पुस्तक चाळायचे आणि जाताना पिशवीत रहस्यकथा. मीही कधी काही बोलले नाही.

एकदा त्यांनी परत केलेलं पुस्तक सहज उघडलं. १७ व्या पानावर एकाखाली एक असे ३ अर्धचंद्र. खूण तर वाचलेलं पुन्हा हाती येऊ नये म्हणून करायची ना? शेवटी राहवलं नाही, विचारलं.

ते थोडे ओशाळले. म्हणाले, ''खुनी कोण ते माहीत असलं, की रात्री झोप लागते.''