पाच जण गेले होते

नमस्कार मंडळी. आधी एक विचारतो, चीनला गेलेले डॉक्टर म्हटलं की कोण आठवतं? कोटणीस, बरोबर. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. आता त्यांच्याबरोबर गेलेल्या बाकीच्या चौघांची नावं सांगा बघू. नाही ना येत? मलाही बरीच वर्षं माहीत नव्हती. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. म्हणजे पाचातले दोघं आपले मराठी, आणि त्यातल्या एकाला आपण पार विसरून बसलोय.

तर १९३८ साल. आदल्या वर्षी जपान चीनमध्ये घुसलेला, तिथले सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर मागितले, काँग्रेसचे अध्यक्ष तेव्हा सुभाषबाबू, त्यांनी लोकांना हाक दिली, साधारण २२ हजार रुपये जमले, अॅम्ब्युलन्स आली, आणि हे पाच जण बोटीत बसले. आपल्या डोक्यावर इंग्रज बसलेला असताना, बरं का! अटल तर आधी स्पेनच्या युद्धातही जखमींची सेवा करून आलेले. कोटणीस तिशीच्याही आतले, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमधून डॉक्टर झालेले, पुढचं शिकायचं डोक्यात होतं, ते बाजूला ठेवून निघाले.

१९४० च्या एका लढाईत कोटणिसांनी ७२ तास न झोपता ऑपरेशनं केली असं सांगतात. हे सगळीकडे वाचायला मिळतं, पण मला विचाराल तर त्याहून मोठं काम वेगळंच आहे. हा माणूस चिनी भाषा शिकला, आणि नुसती बोलण्यापुरती नाही, त्या भाषेत मुलांना डॉक्टरी शिकवण्याइतकी. बेथ्यून नावाचे कॅनडाचे सर्जन होते, ऑपरेशन करताना बोट कापलं आणि जखम चिघळून १९३९ मध्ये गेले, त्यांच्या नावाने निघालेल्या हॉस्पिटलचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. एका डॉक्टरच्या हातून किती जखमी वाचणार हो, पण त्याने शिकवलेले पन्नास जण पन्नास ठिकाणी गेले तर हिशोबच बदलतो. सर्जरीचं पुस्तकही लिहायला घेतलेलं. ते अर्धंच राहिलं. फिट्सचा त्रास होता, त्यातच ९ डिसेंबर १९४२ ला गेले, वय ३२. क्वो छिंगलान या नर्सशी लग्न होऊन जेमतेम वर्ष झालेलं, मुलगा साडेतीन महिन्यांचा. त्याचं नाव इन्हुआ, इन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. तो मुलगाही पुढे चोविशीतच गेला, ते वाचलं की मला काही सुचत नाही.

१९४६ मध्ये शांतारामबापूंनी कोटणिसांवर सिनेमा काढला आणि नाव घरोघरी गेलं, चांगलंच झालं. पण जे जिवंत परत आले त्यांच्यावर कोण सिनेमा काढणार? मेलेल्याला हार घालायला आपण पुढे, परत येऊन गपचूप दवाखाना चालवणाऱ्याला कोण विचारतंय.

बसूंचंच घ्या. ते १९४३ पर्यंत तिथे होते. पुढे पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगात बारीक सुया टोचून उपचार करायची चिनी पद्धत, शिकून आले, आणि कलकत्त्यात त्याच सुयांनी पेशंट बघायला लागले. भारतात ॲक्युपंक्चर रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव सगळ्यात आधी घेतात. गेले होते जखमा शिवायला, आणि येताना दुसरीच सुई घेऊन आले.