पंचेश्वरचा महासीर : पकडायचा आणि सोडायचा

(फिल्मचं निवेदन. सुरुवातीला फक्त नदीचा आवाज, साधारण दहा सेकंद)

हे बघा, पाण्यात एक रेघ दिसतेय ना, डावीकडे काचेसारखं हिरवं पाणी आणि उजवीकडे राखाडी, गढूळ. कॅमेऱ्याचा काही फिल्टर वगैरे नाही, खरंच असं दिसतं. डावीकडची सरयू, उजवीकडची काली. उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात, लोहाघाटपासून साधारण ४० किलोमीटर उतरत आलं की हा संगम लागतो, पंचेश्वर. पलीकडचा काठ नेपाळचा, तिकडे याच कालीला महाकाली म्हणतात.

आम्ही गेलो तेव्हा एप्रिल होता. वर बर्फ वितळायला लागलं की काली गार होते आणि गाळ घेऊन येते, सरयूत मात्र हिमनदीचं पाणी फारसं नाही, ती मुख्यतः पावसाची आणि झऱ्यांची नदी, त्यामुळे या दिवसांत ती स्वच्छ असते आणि जरा कोमटही. मासे हा फरक आपल्याआधी ओळखतात. कालीतले मोठे मासे या रेघेजवळ येऊन थांबतात, आणि त्यांच्यासाठी जगभरातून लोक रॉड घेऊन इथे येतात. त्यातला मुख्य मासा म्हणजे सोनेरी महासीर.

नावाबद्दल दोन मतं आहेत. कुणी म्हणतं महा-शिर, म्हणजे मोठ्या डोक्याचा, कुणी म्हणतं महाशेर. हा क्लोजअप बघितला की दोन्ही पटतात. डोकं केवढं लांब आहे बघा, जाड मांसल ओठ, मिशांच्या दोन जोड्या, पर लालसर पिवळे. आणि खवले! कल्ल्यापासून शेपटीपर्यंतची मधली ओळ मोजली तर जेमतेम २५ ते २८ खवले, एवढा एकेक मोठा. उन्हात मासा वळला की पितळेची परात चमकल्यासारखं होतं. जबड्यात दात नाहीत पण घशात आहेत, खेकडा असो, छोटा मासा असो की झाडावरून पडलेलं उंबरासारखं फळ, सगळं घशात नेऊन तिथे चिरडतो. शास्त्रीय नाव टॉर प्युटिटोरा, १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी या माशाची नोंद केली. आज आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये आहे.

आपल्याकडचा खडस याचाच भाऊबंद, टॉर खुद्री, त्याची पहिली नोंद १८३९ची आणि तीही पुण्याजवळच्या मुळा-मुठेतली, हे मला स्वतःला या फिल्मचं काम करताना कळलं आणि फार बरं वाटलं.

आता हे काठावर उभे आहेत ते आमचे गाईड. कुमाऊंमध्ये मोठ्या भावाला दाज्यू म्हणतात, आम्हीही तेच म्हणत होतो. पहाटे साडेपाचला त्यांनी उठवलं, चहा पण झाला नव्हता. त्यांच्या हातात आहे तो स्पून, चमच्यासारखा पत्र्याचा तुकडा, पाण्यातून ओढला की छोट्या जखमी माशासारखा लुकलुकतो. पण त्याआधी ते काय करतायत बघा, पक्कड घेऊन गळाचा उलटा काटा दाबून सपाट करतायत. तो उलटा काटाच माशाच्या तोंडात रुततो आणि काढताना मांस फाडतो. तो दाबला की गळ अलगद निघतो. मासा निसटायची शक्यता वाढते हे खरंय, दाज्यूंना विचारलं तर म्हणाले, निसटला तर निसटला, त्याचीच नदी आहे.

गळ कुठे टाकायचा यातच अर्धी विद्या आहे. महासीर शांत डोहाच्या मधोमध क्वचित मिळतो, तो उभा राहतो खळाळ संपून डोह सुरू होतो त्या जागी, किंवा मोठ्या दगडाच्या मागे, जिथे पाणी जरा दम घेतं आणि वरून वाहत आलेलं खाणं आयतं समोर येतं. दाज्यू तिरका फेकतायत, वरच्या अंगाला, मग प्रवाहाबरोबर स्पून खाली येऊ देतायत. एकदा, दोनदा, आम्ही मोजलं नाही पण सकाळभर हेच चाललं होतं.

आणि हे!

(रॉडवरच्या रीलचा आवाज पूर्ण जाऊ द्या, इथे निवेदन नाही)

पहिली धाव अशीच असते. मासा प्रवाहाच्या दिशेने खाली सुटतो आणि शंभर मीटर लाईन, म्हणजे गळाची दोरी, बघता बघता जाते, दाज्यू दगडांवरून पळतायत ते म्हणूनच, लाईन संपली तर सगळं संपलं. ओढाताण करायची नाही, रॉड वाकू द्यायचा, मासा पळतोय तोवर पळू द्यायचं, थांबला की दोन वळसे गुंडाळायचे. पण फार लांबवायचंही नाही, कारण जास्त दमलेला मासा सोडल्यावर नीट पोहला तरी नंतर मरू शकतो. म्हणून लाईन आणि रॉड माशाच्या मानाने दणकट वापरतात, बारीक लाईनवर तासभर खेळवण्यात मर्दुमकी नाही, निदान इथे तरी तसं कुणी मानत नाही.

आता इथे मुद्दाम हळू बघा. मासा काठावर ओढलेला नाही, दाज्यू कमरेइतक्या पाण्यात गेलेत. हात आधी ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. कल्ल्यात बोटं घातलेली नाहीत. वजन करायला उलटं टांगलेलं नाही, जाळीच्या झोळीतच तोलला, अकरा किलो. फोटोसाठी पाण्याबाहेर आला तो आमचा एक श्वास टिकेल तेवढाच वेळ, तेही आडवा, दोन्ही हातांवर. मग परत पाण्यात, तोंड प्रवाहाकडे, म्हणजे पाणी तोंडातून आत आणि कल्ल्यांतून बाहेर. शेपटीच्या बुडाशी हलका हात. पुढे मागे ढकलत नाहीत, नुसतं धरून ठेवायचं. मिनिट, दोन मिनिटं, कधी दहा. तो स्वतः जोर लावेपर्यंत सोडायचं नाही.

(इथे संगीत नको)

या नदीत महासीर एकटा नाही. हा दगडावर तोंड घासणारा असेला, इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात पण ट्राउटशी काही नातं नाही, तोही आपल्या रोहूच्याच कुळातला, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. काठच्या उथळ पाण्यात हे बोटभर मासे दगडाला चिकटलेत ते गारा नावाचे, आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत याच घराण्यातला मल्या मिळतो. आणि खाली खोल डोहात गूंच असतो, प्रचंड मोठा मांजरमासा, त्याच्याबद्दल माणूस ओढून नेल्याच्या गोष्टी या खोऱ्यात खूप आहेत. तो आम्हाला दिसला नाही.

संगमावरचं हे मंदिर. घंटा बघा किती बांधल्यात. इथे चौमू देवाला मानतात, गुराढोरांचा राखणदार, आणि मकरसंक्रांतीला जत्रा भरते. देवाच्या डोहातला मासा मारायचा नाही ही रीत हिमालयात बऱ्याच ठिकाणी आहे आणि आपल्याकडेही आहेच, महाडजवळ वाळणकोंडीत लोक खडसांना कुरमुरे घालतात. लोणावळ्याला टाटांच्या वळवणच्या केंद्रात तर १९७०च्या दशकापासून महासीरची पिल्लं तयार होतात आणि दुसऱ्या राज्यांनाही दिली जातात. पण पिल्लं सोडायला नदी लागते.

इथे अजूनही सुरुंग लावून, ब्लीचिंग पावडर टाकून मासे मारले जातात. आणि भारत-नेपाळमधल्या १९९६च्या महाकाली करारात याच संगमाच्या थोडं खाली ३०० मीटरहून उंच पंचेश्वर धरण योजलेलं आहे, ते झालं तर आत्तापर्यंत बघितलेली प्रत्येक जागा पाण्याखाली जाईल.

हा छोटा ओढा मात्र नीट बघून घ्या, कारण सगळं इथे ठरतं. आत्ता घोट्याइतकं पाणी आहे. पावसाळ्यात याला पूर आला की मोठे मासे मुख्य नदी सोडून अशा ओढ्यांत वर चढतात आणि स्वच्छ वाळू-गोट्यांत अंडी घालतात. एकदम सगळी नाही, थोडी थोडी, कित्येक आठवडे. रोहू-कटल्याच्या मानाने महासीरची अंडी कमीच. पिवळसर अंडं, तीन-चार दिवसांत फुटतं, मग ते इवलंसं पिल्लू याच दगडांच्या फटीत लपून वाढतं. इथली वाळू उपसली, गोटे ट्रॅक्टरने नेले की मासा वर येतो आणि त्याला अंडी घालायला जागाच नसते.

दाज्यूंचा गळाचा मोसम मार्च ते मे, मग ऑक्टोबर-नोव्हेंबर. मधल्या पावसाळ्यात ते रॉड कापडात गुंडाळून घरात ठेवतात. रात्री मात्र ओढ्याच्या तोंडाशी येऊन बसतात, गावातली दोन-तीन पोरं बरोबर असतात, जाळं लावायला कुणी येतंय का बघायला. हा त्यांचा टॉर्च. समोर नेपाळच्या काठावरही एक उजेड हलतोय.