लाँग आयर्न आणि रांगोळीची रेघ

नमस्कार श्रोतेहो.

सोयाबीन निघाल्यावर आमचं वरच्या अंगाचं रान मोकळं झालं, तेव्हा माझा पुतण्या एका सकाळी माझ्याबरोबर तिकडं आला. तालमीतला गडी आहे. पहाटे उठून जोर-बैठका मारणारा, मनगट माझ्या दीडपट. समोर अजिंक्यताऱ्यावर ऊन आलं होतं, रानात चिटपाखरू नव्हतं. मी त्याच्या हातात माझं गोल्फचं चार नंबरचं आयर्न, म्हणजे चेंडू मारायचा लोखंडी पात्याचा क्लब, दिलं. त्यानं दात-ओठ खाऊन क्लब फिरवला. चेंडू जमिनीलगत सरपटत गेला आणि शंभर पावलांवर ढेकळांत अडकला. दुसरा त्याच्याही अलीकडं पडला. तिसऱ्या वेळी क्लब चेंडूच्या आधीच मातीत घुसला आणि त्याच्या हाताला झिणझिण्या आल्या. तो म्हणाला, "काका, तुम्ही साठीच्या पुढचे. तुमचा चेंडू त्या बाभळीच्या पलीकडं जातो. माझ्यात जोर जास्त आहे, मग माझा का जात नाही?"

आज मी त्याच्या या प्रश्नावर बोलणार आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात घरटी एक फौजी अशी गावं आहेत. अपशिंगे तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखलं जातं. छावणीत राहिलेल्या बऱ्याच जणांनी गोल्फ बघितलाय, काहींनी खेळलाय. मीही पलटणीत असतानाच शिकलो. आता कुणी रविवारी गाडी काढून पुण्याला येरवड्याच्या कोर्सवर जातो, कुणी माझ्यासारखा रानात सराव करतो. आणि या सगळ्यांची तक्रार एकच ऐकू येते. सात नंबर, आठ नंबर बरं जातं, पण तीन-चार नंबर हातात घेतलं की चेंडू जातच नाही.

ज्यांनी गोल्फ बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खेळाडूच्या पिशवीत नियमानं जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. त्यातले लोखंडी पात्याचे ते आयर्न. नंबर मोठा तसा दांडा आखूड आणि पातं आकाशाकडं जास्त कललेलं. नंबर लहान होत जाईल तसा दांडा दर नंबरला साधारण अर्ध्या इंचानं लांब होतो आणि पातं तीन-चार अंशांनी उभं राहत जातं. या कलाला लॉफ्ट म्हणतात, आणि तीन-चारसारख्या लहान नंबरच्या, लांब दांड्याच्या आयर्नना लाँग आयर्न. जुन्या संचांत सात नंबरचा लॉफ्ट 34-35 अंश असायचा आणि चार नंबरचा 24 च्या आसपास. हल्लीच्या बऱ्याच संचांत सात नंबरचाच लॉफ्ट 30 अंशांवर आणलेला असतो. म्हणून शेजाऱ्याचं सात नंबर तुमच्यापेक्षा पंधरा यार्ड लांब गेलं तर मनाला लावून घेऊ नका. त्याच्या क्लबवर आकडा सातचा असला तरी पातं जुन्या सहाचं किंवा पाचचं असू शकतं.

आता चेंडू लांब कशानं जातो? तीन गोष्टींनी. चेंडूला मिळालेला वेग, तो कोणत्या कोनात निघाला, आणि त्याला मिळालेली उलटी फिरकी. यातली फिरकी लोक विसरतात. एडिनबरोमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी 1890 च्या दशकात या गोष्टीचा कसून अभ्यास केला. चेंडू इतका वेळ हवेत कसा राहतो, हे कोडं त्यांना सुटत नव्हतं. नुसता दगड फेकल्यासारखं गणित मांडलं तर उत्तर जुळेना. मग लक्षात आलं की चेंडू उलटा फिरत असतो, आणि त्या फिरण्यामुळं हवाच त्याला वर उचलून धरते. त्यांचा मुलगा फ्रेडी हा 1896 आणि 1898 साली ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकलेला खेळाडू, त्यामुळं घरातच विषयाला तोटा नव्हता.

याच फिरकीत लाँग आयर्नची सगळी अडचण आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंची मोजमापं काढली तर एक विलक्षण गोष्ट दिसते. त्यांचं सात नंबर हवेतून साधारण 170 यार्ड जातं, तीन नंबर 210 च्या आसपास. पण चेंडू चढतो किती? दोन्ही क्लबनं जवळजवळ सारखाच, तीसेक यार्ड, म्हणजे नव्वदेक फूट. तीन नंबरचं पातं उभं, फिरकी कमी, तरी चेंडू तेवढाच चढतो, कारण क्लबच्या डोक्याचा वेग जबरदस्त असतो. आपल्यासारख्याचा वेग कमी. सात नंबरला लॉफ्टच चेंडू चढवून देतो म्हणून ते भागतं. चार नंबरला चेंडू पुरेसा चढतच नाही, अर्ध्यात दम सोडून खाली येतो. मग होतं काय, की पाच नंबर आणि चार नंबर एकाच जागी पडतात.

खेळाडूला हे दिसतं, आणि तो तिथंच चुकीचा उपाय शोधतो. चेंडू वर जात नाही, तर मी उचलतो. अंग मागं कलतं, वजन उजव्या पायावर राहतं, मनगट खालून वर झटकलं जातं. मला वाटतं आपल्याकडं हे जरा जास्तच होतं, आणि त्याला आपलं लहानपण कारण आहे. आपण सगळे विटी-दांडू खेळलोय. गल्लीवर आडवी ठेवलेली विटी कोलताना दांडू विटीखाली घालून वर उचलायचा असतो. हाताला ती सवय हाडीमाशी लागलेली असते. गोल्फचा चेंडू मात्र कोलायचा नसतो. क्लब किंचित खाली येत असताना आधी चेंडूला लागला पाहिजे आणि नंतर मातीला. चेंडू वर पाठवायचं काम पात्याच्या कलावर सोपवायचं. पातं आणि चेंडू एकमेकांना चिकटून असतात जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. तेवढ्यात मनगटानं काय उचलणार?

पुतण्याला हे तोंडी सांगून पटेना. मग मी घरून रांगोळीचा डबा आणला. माती हातानं सारखी केली, खडे वेचले आणि वीतभर लांबीची एक पांढरी रेघ ओढली. रेघ दोन पायांच्या मधोमध नाही, तिथून डाव्या टाचेकडं सरकवलेली, टाचेच्या दोन-तीन इंच अलीकडं. लाँग आयर्नला चेंडू तिथं असावा. त्याला म्हटलं, "चेंडू नाही, नुसता क्लब फिरव. मातीला खूण कुठं पडते ते बघू." पहिल्यांदा पातं रेघेच्या चार बोटं अलीकडंच मातीत घुसलं. रेघ मातीनं झाकली गेली, पण पुसली गेली नाही. पुन्हा तेच. पाचव्या-सहाव्या वेळी रेघ थोडी विसकटली. दहा-बारा फेऱ्या झाल्यावर, पुढचा पाय घट्ट रोवून छाती फिरू दिल्यावर, पातं रेघेवर टेकलं आणि तिथून पुढं बोटभर रुंदीचा पातळ पापुद्रा निघाला. खड्डा नको, पापुद्राच हवा. आखूड आयर्नचा घाव जरा खोल जातो, लाँग आयर्ननं जमीन नुसती खरवडल्यासारखी वाटली पाहिजे.

सराव चटईवर करणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. चटईवर क्लब आधी मागं आपटला तरी घसरून चेंडूला लागतो आणि फटका बरा गेल्यासारखा वाटतो. मी स्वतः दोन वर्षं त्या समजुतीत काढली. माती खरं ते दाखवते.

दुसरी गोष्ट पात्याची. अंगाला लावायची साधी पावडर बोटानं पात्यावर फासा आणि चेंडू मारा. चेंडू जिथं लागला तिथं गोल ठसा उमटतो. पुतण्याच्या पात्यावर पाचपैकी चार ठसे टोकाकडं होते. मधल्या जागेपासून अर्धा-पाऊण इंच बाहेर लागलं की पातं हातात वळतं, चेंडूला मिळायचा वेग तिथंच वाया जातो आणि यार्ड कमी होतात. जुन्या पातळ पात्यांत तर फारच. कार्स्टेन सोल्हाईम या इंजिनिअरनं 1960 च्या दशकात पात्याचं वजन मधून काढून कडांना नेलं, तेव्हापासून चुकलेल्या फटक्याला थोडी माफी मिळायला लागली. पण मधोमध लागलेल्या चेंडूची सर कशालाच नाही. त्याचा आवाजही वेगळा असतो, आणि हाताला काही लागल्याचं जाणवतसुद्धा नाही.

मग तो जोराचा प्रश्न. जोर नको असं मी कधीच म्हणणार नाही. वेग तर पाहिजेच. पण तो लावायचा कुठं? पुतण्याला मी तालमीतल्या मुदगलाची आठवण दिली. मुदगल खांद्यामागून आणताना हातानं ओढला तर खांदा भरून येतो. पाय आणि कंबर आधी वळली की तो आपल्या वजनानं येतो, आणि सगळ्यात जास्त वेग खाली आल्यावर पकडतो. लाँग आयर्नचा दांडा लांब, त्याला खाली यायला वेळ द्यावा लागतो. वर पोचल्या पोचल्या हातानं हिसडा मारला की वेग वरच संपतो, चेंडूपाशी काही उरत नाही. मूठ गच्च आवळली तरी तेच, कारण मनगट मोकळं राहत नाही. हे मात्र त्याला लगेच समजलं. पैलवानाला अंगाचं वजन कसं फिरतं ते समजावून सांगावं लागत नाही.

लाँग आयर्नचा विषय निघाला की मला अमेरिकेचे गोल्फपटू बेन होगन आठवतात. हा माणूस उंचापुरा नव्हता, अंगानं सडपातळ. 1949 च्या फेब्रुवारीत त्यांच्या मोटारीला समोरून बस धडकली. कंबरेचं हाड मोडलं, चालता येईल की नाही अशी अवस्था. सोळा महिन्यांनी, 1950 च्या जूनमध्ये, मेरियनच्या कोर्सवर ते यू. एस. ओपन ही गोल्फ स्पर्धा खेळत होते. शेवटच्या दिवशी 36 होल चालायचे, पायांना पट्ट्या बांधलेल्या. शेवटच्या होलला बरोबरी साधायला पार हवा होता, म्हणजे ठरलेल्या फटक्यांतच चेंडू खळीत जायला हवा होता, आणि ग्रीन, म्हणजे खळीभोवतीची गुळगुळीत हिरवळ, दोनशे यार्डांहून लांब. त्यांनी हाती घेतलं एक नंबरचं आयर्न, लाँग आयर्नमधलं सगळ्यात अवघड. चेंडू ग्रीनवर गेला, पार झाला, आणि दुसऱ्या दिवशी बरोबरी सोडवायला झालेल्या प्लेऑफमध्ये ते जिंकले. छायाचित्रकार हाय पेस्किन यांनी मागून काढलेलं त्या फटक्याचं छायाचित्र जगभर गाजलं. मिळालं तर जरूर बघा, आणि बघताना गर्दीकडं बघू नका, पायांकडं बघा. सगळं वजन डाव्या पायावर, उजवा पाय नुसता अंगठ्यावर टेकलेला, अंगाचा तोल जराही गेलेला नाही. ज्या माणसाच्या पायांत ताकद उरली नव्हती, त्यानं फटका तोलातच पूर्ण केला.

आता मोजण्याबद्दल. बहुतेकांना आपला क्लब किती जातो ते ठाऊकच नसतं. आयुष्यात एकदा वाऱ्यावर स्वार होऊन उतारावर गेलेला चेंडू तेवढा लक्षात राहतो. वीस चेंडू मारा, सगळ्यात लांबचे दोन-तीन आणि पार फसलेले बाजूला ठेवा, उरलेले कासऱ्यानं मोजा. चेंडू पडला कुठं ते बघा, घरंगळून थांबला कुठं ते नको. आपल्या कडक रानात चेंडू तीस-चाळीस यार्ड सहज पळतो, हिरव्या कोर्सवर तो पळणार नाही. आणखी एक, आपलं सातारा समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे. हवा विरळ तसा चेंडू लांब जातो, हजार फुटांना साधारण एक टक्का. इथं 160 यार्ड जाणारा क्लब मुंबईत चार-पाच यार्ड कमी पडेल. आणि चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या फिरवणारं वारं इकडं उतरून समोरून आलं की जोरात मारू नका. जास्त जोर म्हणजे जास्त फिरकी, चेंडू वर चढतो आणि तिथंच थांबतो. एका नंबरनं लांबचा क्लब घ्या आणि शांतपणे फिरवा. अशा वेळी लाँग आयर्नचा बुटका फटका फार कामाला येतो.

मोजल्यावर चार नंबर आणि पाच नंबरमध्ये दहा-बारा यार्डांचं अंतर दिसत नसेल, आणि रेघ, पावडर सगळं करून पाहिलं असेल, तर चार नंबर पिशवीतून काढा आणि हायब्रिड, म्हणजे आयर्नपेक्षा जाड, फुगीर डोक्याचा क्लब, घ्या. त्याचं वजन खाली आणि मागं असतं, चेंडू सोपा चढतो. माझं तीन नंबर गेली सहा वर्षं घरात भिंतीला टेकून उभं आहे. चार नंबर मात्र मी अजून सोडलेलं नाही, दर आठवड्याला त्याच्यासाठी रेघ ओढतो.

पुतण्या त्यानंतर तीन रविवार आला. मागच्या रविवारी त्यानं मारलेला एक चेंडू मी डोळ्यांनी पकडू शकलो नाही, नुसता आवाज ऐकला. तो बाभळीपलीकडं धावत गेला आणि तिथून कासऱ्याचं दुसरं टोक धरून ओरडला, "काका, ताणा जरा!" आम्ही मोजलं. पडल्या जागी 171 यार्ड. मग तो परत आला, पात्यावरचा पावडरीचा ठसा निरखून बघितला आणि म्हणाला, "अजून टोकाकडंच आहे."

आता शाळू उगवून वर आला की ते रान बंद होईल. तोपर्यंत दर रविवारी सकाळी सातला आम्ही दोघं तिथं असतो.

नमस्कार.