दिवा लागला, पण दुखणं कुठं?

(दृश्य: उभी गाडी, इंजिन सुरू. मीटरवर पिवळा दिवा.)

गाडी पळतेय, पण उभी राहिली की इंजिन किंचित थरथरतं. चेक इंजिनचा दिवा कालपासून लागलेला आहे. बोनेट उघडायच्या आधी आपण खाली वाकू.

(दृश्य: डॅशबोर्डखाली हात, सॉकेटमध्ये स्कॅनर.)

स्टिअरिंगच्या खाली हे १६ पिनांचं सॉकेट. अमेरिकेत १९९६ पासून नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. सायलेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या विषारी वायूंवर लक्ष राहावं, हा त्यामागचा मूळ हेतू.

स्कॅनरवर कोड येतो: पी ०१७१. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा विभाग. पुढचं शून्य सांगतं की हा कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक आहे. एकूण अर्थ असा, की मिश्रण 'लीन' आहे. हवा जास्त, किंवा पेट्रोल कमी.

आणि नेमकी इथंच घाई होते. तक्रार ऑक्सिजन सेन्सरनं, म्हणजे सायलेन्सरकडं जाणाऱ्या वायूंतला ऑक्सिजन मोजणाऱ्या भागानं केली, म्हणून सेन्सरच बदलला जातो. आगीची वर्दी देणाऱ्यालाच पकडून नेल्यासारखं आहे हे. पैसे जातात, आठवड्याभरात दिवा परत लागतो. कोड लक्षण सांगतो, खराब पार्टचं नाव सांगत नाही.

म्हणून कोड लगेच उडवायचा नाही. त्याच्यासोबत एक नोंद जपलेली असते, फ्रीझ फ्रेम. दोष पकडला गेला त्या क्षणी इंजिनाची काय अवस्था होती, ते तिथं दिसतं. इथं दिसतंय: इंजिन गरम, ७५० आरपीएम, वेग शून्य. म्हणजे दुखणं आयडलिंगचं.

(दृश्य: स्कॅनरवर बदलते आकडे.)

आता फ्युएल ट्रिम. एक भाग पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा, हे इंजिनाचं गणित. ते बिघडलं की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, आणि किती, ते टक्क्यांत दाखवतो. साधारण दहा टक्के इकडंतिकडं चालतं. इथं आकडा आहे अधिक २२.

रेस द्या. २,५०० आरपीएम. आकडा उतरतोय... १२... ६... ४.

मला या तपासणीतला हा क्षण सगळ्यात आवडतो. एकही नट सैल न करता इंजिन उत्तर देतं. कुठूनतरी चोरून हवा आत येतेय. आयडलिंगला इंजिन मुळात थोडीच हवा ओढतं, त्यात ही चोरटी हवा भारी पडते. रेस दिली, थ्रॉटल म्हणजे हवेची झडप उघडली, की तिचा वाटा नगण्य होतो. हेच ट्रिम लोड आल्यावर वाढलं असतं, तर संशय फ्युएल पंप, फिल्टर किंवा मळलेल्या एअर फ्लो सेन्सरवर गेला असता.

(दृश्य: इंजिन बंद. स्मोक मशीनचा धूर.)

इंजिन बंद करून इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेत, धूर सोडला. हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला, जिथं नजर जात नाही, तिथून एक पांढरी रेघ वर येते. व्हॅक्यूमची रबरी नळी, उष्णतेनं कडक होऊन वळणावर तडकलेली.

एक मात्र लक्षात ठेवा. दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल, तर गाडी बाजूला घेऊन थांबवा. इंजिन मिसिंग मारतंय, न जळलेलं पेट्रोल विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातंय आणि त्यात तो जळून निकामी होऊ शकतो.

नळी बदलली. आता कोड उडवायचा. त्यासोबत कॉम्प्युटरनं शिकलेलं ट्रिमही पुसलं जातं, म्हणून विझलेल्या दिव्यावर लगेच विश्वास नको. हा कोड सहसा सलग दोन फेऱ्यांत दोष दिसल्याशिवाय दिवा लावत नाही.

(दृश्य: धावती गाडी. मग पुन्हा उभी, आयडलिंगवर.)

दोन दिवस गाडी चालवली. इंजिन गरम, गाडी उभी, ७५० आरपीएम. ट्रिम: अधिक ३. थरथर नाही.