शेगडीची जाळी: स्टीलची की मुलाम्याची?

नमस्कार मंडळी, थंडी पडली की आपल्या खान्देशात भरिताच्या पार्ट्या सुरू होतात, मळ्यात असाल तर प्रश्नच नाही, कपाशीच्या काड्या पेटवल्या, हिरवी वांगी त्यात टाकली की झालं. पण जळगाव-धुळ्यात फ्लॅटच्या गच्चीवर एवढ्या काड्या कुठून आणणार, तिथे कोळशाची शेगडीच लागते आणि तिच्यावरची जाळी कुठली घ्यायची याच्याबद्दल आज बोलते.

दुकानात दोन जाळ्या ठेवल्या तर मुलाम्याचीच जास्त चमकते आणि स्वस्तही असते, म्हणून लोक तीच उचलतात. आतून ती साध्या लोखंडी तारेचीच असते बरं का, वरून फक्त निकेल नाहीतर क्रोमचा पातळ थर. कोळसा फुलला की लाल होतो, ७०० डिग्रीच्या आसपास जातो, आणि तापल्यावर आतलं लोखंड आणि वरचा थर सारखे फुगत नाहीत, मग थराला बारीक चिरा पडतात. त्यात वांग्याचं पाणी गळतं, मिठाचं मॅरिनेशन सांडतं, आणि आपण तारेच्या घासणीने खरखर घासतो. जाळी उलटी करून बघा, तारा जिथे एकमेकींना चिकटवलेल्या असतात ना, तांबूस ठिपके तिथेच आधी दिसतील, मग पापुद्रे सुटतात आणि ते भरतात येतात. पापुद्रा दिसला की ती जाळी टाकूनच द्या, पैशाकडे बघू नका.

स्टेनलेसचं तसं नाही, त्यातलं क्रोमियम हवेशी मिळून स्वतःच एक थर धरतं आणि ओरखडा पडला तरी तो परत धरतो. ३०४ नंबरचं मागा, त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. लोहचुंबक लावून ओळखू म्हणाल तर फसाल, कारण २०२ नंबरच्या हलक्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे बिलावर ३०४ लिहूनच घ्या. वापरल्यावर ती सोनेरी, निळी पडेल, घाबरू नका, तो आचेचा रंग आहे. फक्त मीठमसाला लागलेली तशीच रात्रभर ठेवू नका, मिठाने स्टीललासुद्धा खड्डे पडतात.

आणि एक कळकळीने सांगते, खिडकीची किंवा कोंबड्यांच्या खुराड्याची गॅल्व्हनाइज जाळी कापून शेगडीवर अजिबात ठेवू नका. तिच्यावर जस्त असतं, ते ४२० डिग्रीच्या आसपास वितळतं, फार तापलं तर धूर होतो आणि तो धूर छातीत गेला की थंडीताप भरतो, वेल्डिंगवाल्या कुठल्याही भाऊंना विचारा.

वर्षातून एखाद-दोनदाच शेगडी पेटणार असेल तर मुलाम्याची चालेल, नेहमीचं असेल तर फॅब्रिकेशनवाल्याकडून ३०४ च्या ६ मिमी जाड सळ्यांची करून घ्या. जाड सळई लवकर वाकत नाही, आच धरून ठेवते, वांगं ठेवल्याबरोबर साल चरचरतं. दोन सळ्यांमध्ये बोटभरापेक्षा कमीच अंतर ठेवायला सांगा, नाहीतर भरताच्या मिरच्या थेट कोळशात पडतात.