तिथी पाहून ऐरोलीला

नमस्कार श्रोतेहो.

ठाणे खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला जायचं ठरवलंत, तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला भरती, बाराच्या सुमाराला सुकती, म्हणजे ओहोटी. खाडीत आतवर पाणी चढायला थोडा उशीर लागतो, तेवढं धरून चालायचं.

ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीची वेळ रोज बदलते, ती यामुळेच. भरभरतीला चिखल बुडतो, रोहितांपुढचं ताटच उचललं जातं आणि ते दुसरीकडे जाऊन उभे राहतात. पूर्ण सुकतीला बोट रुतते. मधली वेळ साधली, की विजेच्या मनोऱ्यांच्या सावलीत गुलाबी रांगा दिसतात. गडद लाल चोचीचा तो धाकटा रोहित. मान खाली घालून, चोच उलटी धरून तो पाण्यातलं शेवाळ गाळून खातो. पिसांचा गुलाबी रंगही त्या खाण्यातूनच येतो.

पण सगळे कॅमेरे रोहितांवर रोखलेले असतात, हे मला खटकतं. २०१५ साली जाहीर झालेल्या ठाणे खाडीच्या या अभयारण्याचं क्षेत्र १,६९० हेक्टर, त्यातलं ८९६ हेक्टर निव्वळ कांदळवन! लाकडी पुलावर जरा थांबा, खाली बघा. चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखं वर आलंय ना, ती तिवराची श्वासमुळं. चिखलात हवा नाही, म्हणून झाडाने नाकं बाहेर काढलीत. त्यांच्यामधून टुणकन उडते ती निवटी. मासा असून चिखलावर चालते. कोळीवाड्यात तिचं कालवण होतं, पण इथे नुसतं बघायचं. तिवराच्या पानावर, न तोडता, बोट फिरवा आणि जिभेला लावा. खारट लागेल. मुळांवाटे आत आलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं.

याच झाडीत कोल्हेही राहतात. दिवसा सहसा दिसत नाहीत, पण सुकतीला चिखलात पावलं उमटलेली असतात. कुत्र्याची का कोल्ह्याची, यावर आमच्या बोटीत परतेपर्यंत वाद चालला होता.